भाड्याचं विमान, थकलेलं भाडं आणि कोर्टाचा ताबा-आदेश

धावपट्टी२७
शनिवार, रात्री १०:४०

परवा लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढताना शेजारच्या काकांची गाठ पडली. त्यांनी विचारलं, "भाडेकरू भाडं देत नसेल तर घर खाली करायला वेळ लागतो, ते समजतं. माणसं जाणार कुठे? पण विमान कंपनीच बंद पडली, तर मालकाने आपलं विमान उचलून न्यावं की! त्याला वर्षभर कोर्टात का बसवलं?"

काकांच्या डोक्यात गो फर्स्ट होती. मी विमान देखभालीत एकवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात टेक्निकल रेकॉर्ड्समध्ये, म्हणजे विमानाचे कागद सांभाळण्यात. (गो फर्स्टमध्ये मी कधीच नव्हते.) जिन्यात दिलेलं उत्तर अपुरं वाटलं, म्हणून हा धागा. कायद्याच्या बाजूचं मला जेवढं कळतं तेवढं लिहिते. इथे वकील मंडळी आहेत, त्यांनी चुका दुरुस्त कराव्यात.

घटनाक्रम असा. २ मे २०२३ ला वाडिया समूहाची मुंबईची ही कंपनी स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज घेऊन एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी बघणाऱ्या न्यायाधिकरणात, गेली. ३ मेपासून उड्डाणं बंद. कंपनीचं म्हणणं होतं की प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं सतत बिघडत होती, बदली इंजिनं मिळत नव्हती आणि त्यामुळे जवळपास निम्मा ताफा जमिनीवर होता. इंजिन कंपनीने ते नाकारलं. त्या पहिल्या काही दिवसांतच विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी, म्हणजे लेसरांनी, करार संपल्याच्या नोटिसा दिल्या आणि नोंदणी रद्द करा म्हणून डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, रांग लावली. पण १० मेला एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला, मोरॅटोरियम, म्हणजे कंपनीकडून वसुली करायला तात्पुरती बंदी, लागू झाला आणि ५४ एअरबस विमानं जिथे उभी होती तिथेच अडकली. २२ मेला अपिलातही तेच कायम राहिलं. लेसर दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिथला अंतिम आदेश आला २६ एप्रिल २०२४ ला. मी बोटं मोडून मोजलं: उड्डाणं थांबल्यापासून ३५९ दिवस.

आता काकांच्या "उचलून न्यावं" बद्दल. विमानाची किल्ली नसते. हँगरमध्ये जाऊन कुणी ते ढकलत बाहेर आणलं तरी त्याच्या अंगावर 'व्हीटी' ही भारताची अक्षरं असतात. १९४४ च्या शिकागो कराराप्रमाणे एक विमान एका वेळी एकाच देशात नोंदवलेलं असू शकतं. भारताची नोंदणी रद्द झाल्याशिवाय आयर्लंड किंवा दुसरा कुठलाही देश त्याला आपली अक्षरं देणार नाही, आणि अक्षरांशिवाय ते उडणार नाही. त्यामुळे मालकाच्या दृष्टीने ताबा याचा अर्थ डीजीसीएने नोंदवहीतून ते नाव खोडणं. त्यासाठी विमान कंपनी भाडेकराराच्या वेळीच एक कागद सही करून देते, त्याला सगळे 'इडेरा' म्हणतात. "मी कसूर केली तर माझ्या परवानगीशिवाय नोंदणी रद्द करा आणि विमान देशाबाहेर जाऊ द्या" असं त्यात आधीच लिहिलेलं असतं आणि ते मागे घेता येत नाही. १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समधल्या नियम ३०(७) प्रमाणे इडेरा सादर झाला की पाच कामाच्या दिवसांत नोंदणी रद्द व्हायला हवी. पाच दिवसांचं काम ३५९ दिवसांवर गेलं ते इथे.

आणि तोवर विमानाचं काय होतं, तेच मला खरं तर सांगायचं आहे.

एका पावसाळ्यात आमच्या कंपनीची दोन भाड्याची विमानं करार-वादात मुंबईला उभी होती. कंपनीचं नाव घेत नाही. उभं विमान म्हणजे रोजचं काम. इंजिनाच्या तोंडावर आणि मागे कव्हरं, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, आणि त्यांच्यासोबत एक छोटं कार्ड. ते कार्ड कोरडं असेल तोवर निळं, दमट झालं की गुलाबी. जुलैत मुंबईत ते कार्ड निळं ठेवणं ही लढाई असते. चाकं ठरावीक दिवसांनी थोडी फिरवायची, नाहीतर टायर एकाच जागी बसतात. इंधनाच्या टाकीत बुरशी वाढू नये म्हणून औषध टाकायचं. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या झाकायच्या, कारण त्यात कुंभारमाशी घर करते. मातीचं एवढंसं घर, पण त्यापायी विमान पडू शकतं. हे सगळं करायला माणसं लागतात, सामान लागतं, आणि पगार थकलेल्या कंपनीत माणसं किती दिवस येणार? सहाव्या आठवड्यात आमच्या शिफ्टला अकरापैकी चौघं उरले होते. मी एका सकाळी कव्हर काढलं तर कार्ड गुलाबी नाही, पार पांढुरकं पडलेलं होतं. किती दिवस कुणी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून आठवतं.

शिवाय पार्ट काढले जातात. उडणाऱ्या विमानाला एक पंप हवा, स्टोअरमध्ये नाही, उभ्या विमानाचा काढा. याला आमच्यात 'रॉबरी' असाच शब्द आहे आणि नीट नोंद केली तर नियमात बसतं. पण परत लावायचा पार्ट कधीच येत नाही. गो फर्स्टच्या वेळी लेसरांनी कोर्टात नेमकी हीच तक्रार केली होती, पार्ट गायब आहेत आणि गंज चढतोय.

काळाकोट
शनिवार, रात्री ११:५५

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. कायद्याची बाजू थोडी भरतो.

दिवाळखोरी संहितेचं कलम १४(१)(डी) म्हणतं की मोरॅटोरियम चालू असताना कंपनीच्या ताब्यातली मालमत्ता तिचा मालक किंवा भाड्याने देणारा परत घेऊ शकत नाही. शब्द नीट बघा: ताबा. मालकी कुणाची हे तिथे विचारलेलंच नाही. लेसर म्हणत होते की आम्ही १० मेच्या आधीच करार संपवला, म्हणजे गो फर्स्टचा हक्कच संपला. त्यावर उत्तर असं की हक्क संपला असेल, विमान तर अजून त्यांच्याकडेच उभं आहे ना!

आता आंतरराष्ट्रीय बाजू. २००१ चा केपटाउन करार आणि त्याचा विमानांविषयीचा प्रोटोकॉल भारताने २००८ मध्ये स्वीकारला. त्यात आपण 'पर्याय ए' निवडला: दिवाळखोरीत दोन महिन्यांच्या आत थकबाकी चुकवा, नाहीतर विमान द्या. तोवर विमानाची निगा राखण्याची जबाबदारीही ताबा असणाऱ्यावरच. पण करार स्वीकारणं वेगळं आणि त्याचा देशात कायदा करणं वेगळं. तो कायदा पुढची सतरा वर्षं झाला नाही. त्यामुळे समोरासमोर आले तेव्हा एका बाजूला संसदेने केलेली संहिता, तीही कलम २३८ प्रमाणे इतर कायद्यांना बाजूला सारणारी, आणि दुसऱ्या बाजूला सही केलेला करार. खालच्या पायरीवर संहिता जिंकली यात मला आश्चर्य वाटलं नाही.

चिकूवाडी
रविवार, सकाळी ८:१०

पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने विमानं मोरॅटोरियममधून वगळली होती ना? मग तेव्हाच का नाही सुटली?

काळाकोट
रविवार, सकाळी ९:३०

बरोबर. ३ ऑक्टोबर २०२३ ची अधिसूचना. कलम १४(३) खाली केंद्राला काही व्यवहार वगळता येतात, त्याप्रमाणे विमानं, इंजिनं, एअरफ्रेम आणि हेलिकॉप्टरं वगळली. पण गो फर्स्टचा मोरॅटोरियम मे महिन्यातला. नंतरची अधिसूचना आधीच चालू असलेल्या प्रकरणाला लागू होते की नाही, यावर पुन्हा युक्तिवाद, पुन्हा तारखा. त्यात आणखी सहा महिने गेले.

उच्च न्यायालयाने त्याआधी मधल्या काळात काही केलं नाही असं मात्र नाही. ५ जुलै २०२३ ला न्यायमूर्ती तारा वितस्ता गंजू यांनी लेसरांना आपल्या विमानांची पाहणी करायची मुभा दिली आणि पार्ट काढायला मनाई केली. धागाकर्तीने जी निळ्या-गुलाबी कार्डाची गोष्ट सांगितली, तिच्यासाठी कायद्यात शोधता येईल तो सर्वांत जवळचा उपाय हा: निकाल लागेपर्यंत वस्तू शाबूत ठेवा. एप्रिल २०२४ चा अंतिम आदेशही त्याच न्यायमूर्तींचा. डीजीसीएने पाच कामाच्या दिवसांत नोंदणी रद्द करावी, दिवाळखोरी प्रशासकाने आणि त्याच्या माणसांनी विमानात पाऊल ठेवू नये, काही काढू नये आणि विमानांची कागदपत्रं मालकांच्या हवाली करावीत. त्या आठवड्याभरात डीजीसीएने ५४ विमानांची नोंदणी रद्द केलीसुद्धा.

सांताक्रूझकर
रविवार, दुपारी १:०५

भाड्याचं नाही, कराच्या जप्तीचं उदाहरण देतो, पण मुद्दा तोच. विजय मल्ल्या यांचं ते आलिशान ए-३१९ आठवतंय? व्हीटी-व्हीजेएम. सेवाकर खात्याने २०१३ च्या अखेरीस जप्त केलं आणि ते आपल्या मुंबई विमानतळावर उभं राहिलं. २०१६ च्या लिलावात राखीव किंमत होती १५२ कोटी. बोली आली १.०९ कोटीची! लिलावामागून लिलाव फसले. विमानतळवाले कोर्टाला सांगत राहिले की आमची जागा अडली आहे. शेवटी २०१८ मध्ये ते ३४.८ कोटींना गेलं. साडेचार वर्षं आणि तेवढे पावसाळे. त्यात सरकारचं देणं किती फिटलं?

लिफीकाठ
रविवार, संध्याकाळी ६:२०

मी मूळची ठाण्याची, गेली नऊ वर्षं डब्लिनला. विमानं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत करारांच्या टेबलावर काम करते. जगातला हा धंदा मोठ्या प्रमाणावर इथूनच चालतो आणि केपटाउन कराराची आंतरराष्ट्रीय नोंदवहीसुद्धा डब्लिनमध्येच आहे.

मे २०२३ मध्ये आमच्या ऑफिसात 'इंडिया' हा शब्द जितक्या वेळा ऐकला तितका आधी कधीच ऐकला नव्हता. लेसर आणि विमान उत्पादकांची संघटना, एव्हिएशन वर्किंग ग्रुप, हिने त्याच महिन्यात भारताला नकारात्मक शेऱ्यासह निरीक्षण यादीत टाकलं. भारतीय म्हणून मला वाईट वाटलं, पण काम करणारी म्हणून कारण समजत होतं. विमान द्यायच्या आधी आम्ही एकच हिशोब करतो: भाडं थकलं तर किती दिवसांत विमान हातात येईल? अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या कलम १११० प्रमाणे उत्तर आहे साठ दिवस. केपटाउनचा 'पर्याय ए' त्यावरच बेतलेला. जिथे उत्तर 'सांगता येत नाही' असं असतं, तिथे डिपॉझिट वाढतं, भाडं वाढतं, आणि ते पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्याच्या तिकिटात उतरतं. भारतातली बहुतेक प्रवासी विमानं भाड्याचीच आहेत, त्यामुळे हा फरक लहान नाही.

'सांगता येत नाही' याचं टोक आम्ही २०२२ मध्ये पाहिलं. युक्रेन युद्धानंतर युरोपीय निर्बंधांमुळे रशियातले भाडेकरार संपवावे लागले, पण चारशेहून जास्त विमानं तिथेच राहिली. तिथे आम्हाला उपयोगी पडेल असं कोर्टच नव्हतं. शेवटी भांडण विमा कंपन्यांशी लंडनच्या हायकोर्टात झालं आणि जून २०२५ मध्ये निकाल लेसरांच्या बाजूने लागला. पैसे मिळतील, विमानं नाही. त्या मानाने भारतात उशीर झाला, पण कोर्टाने विमानं दिली. मी इथे ऑफिसात हे आवर्जून सांगते.

रानफूल
रविवार, रात्री ९:४५

सगळ्यांचं वाचलं. मी एका बंद पडलेल्या विमान कंपनीत केबिन क्रू होते. नाव नको. शेवटच्या चार महिन्यांचा पगार नाही, ग्रॅच्युइटी नाही. घराचा हप्ता आईच्या बांगड्यांवर भरला.

मालकाला विमान लवकर मिळावं हे मान्य. पण ज्या दिवशी विमानं गेली त्या दिवशी आमची आशा पण गेली, हे इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. विमानं असतील तर नवीन गुंतवणूकदार येईल, कंपनी उडेल, आपले पैसे निघतील, असं आम्ही एकमेकींना रोज फोनवर सांगत होतो. मोरॅटोरियम हा शब्द मला तेव्हा कळला आणि तो आमच्या बाजूचा वाटला.

काळाकोट
रविवार, रात्री १०:३०

रानफूल ताई, तुमचा मुद्दा कायद्याच्या अगदी मध्यावर आहे. मोरॅटोरियम ठेवण्याचा हेतूच तो आहे: कंपनी जगवायची तर तिची साधनं तिच्याकडे राहू द्या. एनसीएलटीने २०२३ मध्ये विमानं जाऊ दिली नाहीत तेव्हा हाच विचार होता. दुर्दैवाने गो फर्स्ट उभी राहिली नाही. विमानं गेल्यावर विकायला फारसं काही उरलं नाही आणि २० जानेवारी २०२५ ला एनसीएलटीने कंपनी अवसायनात काढली, म्हणजे उरलेलं विकून कायमची बंद करायला सांगितली. जेट एअरवेजचंही शेवटी तेच झालं, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. त्यांचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला उतरलं होतं.

कर्मचाऱ्यांसाठी एक गोष्ट आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. केपटाउन करार स्वीकारताना भारताने जाहीर केलं की थकलेल्या पगाराचा हक्क लेसरच्या हक्काच्याही आधी येईल. पण तो कसूर जाहीर झाल्यानंतरच्या पगारापुरता. तुमचे चार महिने बहुधा त्याच्या आधीचे. ते दिवाळखोरीच्या नेहमीच्या क्रमवारीत जातात. दावा अर्ज भरला होता ना? नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बघतो. फी नाही.

धावपट्टी२७
रविवार, रात्री ११:१५

रानफूल, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्या शिफ्टचे जे चौघं उरले होते ते दोन महिने बिनपगारी येत होते, त्यातला एक पनवेलहून. ते कुणाचं विमान जपत होते? मालकाचं. आणि मालकाच्या कागदात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मला मनापासून वाटतं की उभ्या विमानाची निगा राखणाऱ्या माणसाचा पगार हा विमान सोडण्याच्या आदेशातच यायला हवा. विमानतळाचं पार्किंग चुकवल्याशिवाय विमान हलत नाही, मग हा पगार चुकवल्याशिवाय का हलावं?

तरीही उशिराने कर्मचाऱ्यांचं भलं होतं हे मला पटत नाही. उभं विमान महिन्यागणिक स्वस्त होत जातं. जो गुंतवणूकदार येणार, तो आधी आमच्यासारख्याला पाठवून इंजिनात बोरस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी, घालून बघतो. त्याला आत गंज दिसला की तो परत फोन करत नाही.

चिकूवाडी
सोमवार, सकाळी ७:५०

दिवाळखोरी नसेल, नुसता करारभंग असेल तर? म्हणजे कंपनी चालू आहे, उडतेय, पण भाडं देत नाही.

काळाकोट
सोमवार, सकाळी १०:०५

मग मोरॅटोरियमचा प्रश्नच नाही आणि कोर्ट किती लवकर हलतं ते बघा. स्पाइसजेटने दोन फ्रेंच कंपन्यांकडून तीन इंजिनं भाड्याने घेतली होती. थकबाकी हप्त्यांनी फेडायचं त्यांनी कोर्टापुढे कबूल केलं आणि ते पाळलं नाही. १४ ऑगस्ट २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं: १६ तारखेपर्यंत तिन्ही इंजिनं वापरातून काढा आणि पंधरा दिवसांत परत करा. कंपनी खंडपीठाकडे गेली, ११ सप्टेंबरला अपील फेटाळलं. सर्वोच्च न्यायालयात गेली, २० सप्टेंबरला तेही संपलं. पाच आठवडे. खरा मुद्दा असा होता की भाडंही द्यायचं नाही आणि इंजिनही वापरत राहायचं, हे कोर्टाला चालणार नव्हतं. इंजिन वापरलं की त्याचं आयुष्य घटतं, पैसे मागाहून मिळाले तरी ते तास परत येत नाहीत.

याच्या बरंच आधी, मार्च २०१५ मध्ये, स्पाइसजेटच्याच सहा बोइंग ७३७ विमानांची नोंदणी रद्द करायचा आदेश त्याच उच्च न्यायालयाने डीजीसीएला दिला होता. तेव्हा डीजीसीएचं म्हणणं होतं की आम्हाला विचार करायला वाव आहे. कोर्टाने सांगितलं, कागद पूर्ण असतील तर नाही. गो फर्स्टच्या वेळी लेसरांना जो धक्का बसला तो म्हणूनच. २०१५ नंतर त्यांना वाटत होतं की भारतात हा प्रश्न सुटला आहे.

लिफीकाठ
सोमवार, दुपारी ३:४०

आणि आता २०२५ चा कायदा. एप्रिलमध्ये संसदेने विमानविषयक हितसंबंध संरक्षणाचा कायदा केला, केपटाउन करार त्यातून देशाचा कायदा झाला आणि दुसऱ्या कायद्याशी टक्कर झाली तर हाच वरचढ ठरेल असं त्यात आहे. लेसरने कारवाईआधी डीजीसीएला कळवायचं, आणि विमान कंपनीने आपल्यावरच्या थकबाकीची माहिती डीजीसीएला देत राहायचं. हे दुसरं मला जास्त आवडलं. आमच्या टेबलावर चिंता नेहमी हीच, की आम्हाला कळेपर्यंत कंपनी तीन ठिकाणी बुडालेली असते. मोठी कंपनी बुडण्याच्या वेळी हा कायदा कसा चालतो ते अजून दिसायचं आहे.

रानफूल
सोमवार, रात्री ८:३०

काळाकोट दादा, दावा भरला होता, पावती आहे. व्यनि केला आहे. धन्यवाद.

धावपट्टी ताई, एक विचारू? आदेश आल्यावर विमान जातं म्हणजे नक्की काय होतं? आम्हाला ते कुणी दाखवलंच नाही. एक दिवस स्टँड रिकामा दिसला.

धावपट्टी२७
सोमवार, रात्री ११:००

सांगते. आमची ती दोन विमानं गेली तेव्हा मी होते.

आधी लेसरची माणसं येतात आणि विमान बघायच्या आधी कागद मागतात. इंजिनातल्या प्रत्येक फिरत्या चकतीचा जन्मापासूनचा माग लागतो: कुठे बनली, कुठल्या इंजिनात किती फेऱ्या झाल्या, कुणी सही केली. मधला एक कागद नसेल तर धडधाकट चकतीही भंगार धरतात. आम्ही रेकॉर्ड्सच्या खोलीत जमिनीवर बसून खोकी लावत होतो. पहिल्या विमानाची त्र्याण्णव खोकी झाली. दोन सह्या सापडत नव्हत्या, त्यातली एक पनवेलच्या त्या सहकाऱ्याची होती. त्याने तोवर दुसरी नोकरी धरली होती, तरी रात्री येऊन जुन्या शिफ्टच्या वहीतून नोंद शोधून दिली.

मग कव्हरं निघतात, लाल फिती निघतात, इंजिनं चालवून बघतात. एका इंजिनात गंज निघाला, ते उतरवून दुसरं लावलं, त्यात पाच आठवडे गेले. कस्टम्स, विमानतळाची बाकी. मग डीजीसीएचं नोंदणी रद्द केल्याचं पत्र येतं आणि त्याच दिवशी रंगारी शिडी लावून शेपटाजवळची 'व्हीटी' खरवडून काढतो. खाली जुन्या रंगाचा फिकट ठसा राहतो. त्यावर नवीन अक्षरांचा स्टिकर.

निघायच्या दिवशी आत दोन वैमानिक, लेसरचा एक इंजिनिअर आणि बाकी सगळ्या सीट रिकाम्या. खोकी मालवाहू कप्प्यात. क्रूच्या जागेवर मागच्या गॅलीत कुणीतरी चहाच्या कपांची थप्पी तशीच ठेवली होती, मी ती काढून घेतली. पहाटे साडेचारला ते धावपट्टी २७ वरून निघालं.